पांदणीची आणि सडकेची गाडी

धान कापून झाले, चुरून झाले, केंद्रावर मोजून झाले आणि चुकारा खात्यात जमा झाला, की घरोघरी एक विषय हमखास निघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आता नवी गाडी घ्या." बाबा म्हणतात, "आहे ती काय वाईट आहे?" आई मध्ये पडते. सोसायटीचे कर्ज, पुढच्या रोवणीची मजुरी, लेकीचे लग्न, सगळ्याची उजळणी होते आणि बहुधा मुलाचाच हट्ट जिंकतो. गाडी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र हल्ली पोरांच्या तोंडी एका निराळ्या जातीच्या गाडीचे नाव असते. उंच, सडपातळ, पुढचे चाक मोठे, चिखलातही धावते म्हणतात ती. ही गाडी आहे काय, आपल्या कामाची किती, आणि नवशिक्याच्या हाती ती द्यावी का, हे आज पाहू.

आपल्या सडक अर्जुनीच्या नावातच सडक आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा, आपल्या दारातून जातो. कोहमाऱ्याहून एक रस्ता गोंदियाकडे, दुसरा नवेगावबांधकडे. पण डांबर सोडून शेताकडे वळले, की मृगानंतर पांदणीत घोटाभर चिखल. म्हणजे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन तऱ्हांच्या वाटा तुडवाव्या लागतात. या दोन्ही वाटांसाठी एकच गाडी, हाच त्या उंच गाडीचा मूळ विचार.

हा विचार तसा जुना आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९६८ मध्ये २५० सी.सी.ची डी.टी.-१ काढली आणि अमेरिकेत अशा गाड्यांची लाट आली. आपल्याकडे त्या काळी चिखलाची गाडी म्हणजे राजदूत. पुढे १९७२ मध्ये लुना आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि खेड्यापाड्यांत हलक्या गाड्यांचे राज्य सुरू झाले. खास दुहेरी वाटेची गाडी म्हणून हिरोने २०११ मध्ये १५० सी.सी.ची इम्पल्स आणली. ती काही वर्षांत बंद पडली. मग २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली आणि पोरांच्या मनात भरली.

तिच्यात गुण आहेत, ते आधी सांगू. पुढचे चाक २१ इंची असते. मोठे चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्यावरून जाते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर असते. साध्या स्प्लेंडरचे १६५ मिलिमीटर असते. त्यामुळे धुऱ्यावर किंवा दगडावर इंजिन आपटत नाही. शॉकअप लांब असल्याने कंबरेला दणका कमी बसतो. पुढचा मडगार्ड चाकापासून बराच वर असतो. कन्हार जमिनीचा ओला चिखल साध्या गाडीच्या चाकात आणि मडगार्डमध्ये दाटून चाकच जाम करतो, तो त्रास येथे कमी.

आता दुसरी बाजू. पोट वर गेले म्हणजे सीटही वर जाणार. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे ३१ इंचांवर आहे. एक्सपल्सची ८२५ मिलिमीटर, साडेबत्तीस इंच. कावासाकीने डिसेंबर २०२४ मध्ये के.एल.एक्स. २३० आणली, तिची ८८० मिलिमीटर. दीड इंचाने काय होते असे वाटेल. सपाट जागी काही होत नाही. पण चाकोरीत गाडी थांबली, पाय टेकवायला गेला आणि तेथे खळगा निघाला, की दीडशे किलोंहून जड गाडी अंगावर येते. नवशिका पडतो तो बहुधा वेगात नव्हे, थांबताना पडतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरीच मुलाला भिंतीला उभे करून जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप घ्या. गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत. नुसती बोटे टेकत असतील, तर ती गाडी त्याची नव्हे.

लेक शिकणार असेल तर तिचेही असेच माप घ्या. आणि दुकानात आईलाही सोबत न्या. तिला दवाखान्यात न्यायचे तर त्या उंच सीटवर तिला चढता येते का, वर उचललेल्या सायलेन्सरला पाय भाजत नाही ना, लुगड्याचा पदर चाकात जाणार नाही ना, हे तेथेच पाहता येते.

ओझ्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे गाडीवरून दुधाची कॅन जाते, खताची बॅग जाते, परे काढायला निघालेल्या मजुरांची शिदोरी जाते. या उंच गाड्या हौसेने डोंगर हिंडणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनतात. भरल्या पोत्याने तोल वर जातो आणि चिखलात गाडी हलते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मेंढपाळांसाठी यामाहाने १९७३ पासून ए.जी. १०० नावाची शेतगाडी बनवली. तिला पुढे-मागे लोखंडी कॅरिअर, चेनवर बंद झाकण आणि दोन्ही बाजूंना स्टँड. ती दिसायला साधी होती, पण शेत ओळखून बनवलेली होती. आपण गाडी घेताना हीच नजर ठेवावी. पेट्रोल आणि सुट्या भागांचा खर्चही शंभर सी.सी.च्या गाडीपेक्षा अधिक येतो, तो हप्त्याच्या हिशेबात धरा.

आता शिकण्याविषयी. धान निघाल्यावर वाळलेली बांधी म्हणजे शिकाऊ माणसाचे उत्तम मैदान. पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नका. गाडी हाताने ढकला, वळवा, वजन ओळखा. पडलेली गाडी उचलायलाही शिका: इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, पाठ गाडीकडे, गुडघे वाकवून पायांच्या जोरावर. कंबरेने उचलणारा कंबर गमावतो. मग पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून माणसाच्या चालीने गाडी चालवा. दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा. आठवडाभर इतकेच केले तरी पुष्कळ झाले.

चिखलात तीन गोष्टी सांभाळा. एक्सिलेटर एकदम पिळू नका. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. नजर चाकावर नव्हे, पुढच्या वाटेवर ठेवा. जिकडे नजर तिकडे गाडी. धुरा तिरपा ओलांडू नका, सरळ समोरून घ्या आणि त्या वेळी फूटरेस्टवर किंचित उभे राहा. नाल्याचे पाणी वाहते असेल आणि तळ दिसत नसेल, तर गाडी मागे फिरवा. रपट्यावरून पाणी जात असताना कोणतीच गाडी उंच नसते. घरी आल्यावर चेनचा चिखल धुऊन तेल द्या. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, म्हणून पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप जवळ ठेवा.

चिखलात पडलेला मुलगा हसत उठतो. महामार्गावर पडलेल्याला ती संधी मिळेलच असे नाही. खरा धोका पांदण संपून डांबर लागते तेथे आहे. टायरला लागलेला चिखल ओल्या डांबरावर घसरतो आणि समोरून ट्रक येत असतो. म्हणून तोंडाशी थांबा, दोन्हीकडे पाहा, पहिले शंभर पावले हळू घ्या. डांबरावर मात्र दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा हळूहळू दाबत जा. आणि आपला रस्ता नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांमधून जातो हे विसरू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुर्दोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक वाघ मेला. तेथे मोटारसायकल असती आणि समोर रानडुक्कर असते, तर कोण उरले असते? दिवस मावळल्यावर या रस्त्यावर नवशिक्याने एकट्याने जाऊ नये.

शेवटी कायद्याचे. गिअरच्या मोटारसायकलीसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते, आणि शिकाऊ असताना मित्राला मागे बसवता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आय.एस.आय. छापाचे हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरा, उरलेल्या पैशांत नव्हे.

आमचा सल्ला असा. मुलगा पहिल्यांदाच शिकत असेल, तर घरातली जुनी शंभर सी.सी.ची गाडी त्याला एक पावसाळा वापरू द्या. रोवणीपासून कापणीपर्यंत ती त्याने सांभाळली, पाय पुरत असले आणि हप्ता झेपत असला, तर पुढच्या चुकाऱ्यात उंच गाडीचा विचार जरूर करा. तोवर ती दुकानातच बरी.