कुठलं इंजिन चांगलं?

परवा रविवारी सकाळी सकाळी देवबागहून मामेभावाचा फोन. आमचा दादा एरवी फोन करतो तो आंब्याची पेटी एसटीने पाठवल्याचं सांगायला, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलं म्हणून. या वेळी थेट मुद्द्यावर आला. "तू इंजिनियर मा? मग इंटरनेटार बघ आणि सांग, होडयेक चांगला इंजिन खयचा?"

आता मी इंजिनियर आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरवाला! पण आमच्या नातेवाइकांच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर. फ्रिजपासून होडीपर्यंत सगळं त्याला यायलाच हवं. आणि प्रश्न साधा नव्हता. दादाने पतपेढीतून कर्ज काढलंय. त्या होडीतून तो सकाळी जाळं टाकायला जातो आणि दिवसा पर्यटकांना कर्ली खाडीत फिरवतो. जुनं इंजिन आता थकलंय. नवं घेताना चूक झाली, तर दोन वर्षांची कमाई गेली.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळून बसवायचं इंजिन. वर डोकं, मध्ये लांब पाय आणि खाली पाण्यात पंखा. दोरी ओढायची, सुरू करायचं, दांडा वळवला की होडी वळते. काम संपलं की खांद्यावर टाकून घरी. (माझ्या नव्हे, दादाच्या खांद्यावर.)

तर मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, तोहात्सू असे पाच रकाने. दादाला १५ हॉर्सपॉवरचं हवंय, म्हणून त्याच गटातली इंजिनं घेतली. सुझुकीचं चार स्ट्रोकचं ३२७ सीसी, वजन साधारण ४४ किलो, बॅटरीशिवाय चालणारं फ्युएल इंजेक्शन. तोहात्सूचं ३३३ सीसी, वजन जवळपास तेवढंच. यामाहाचं चार स्ट्रोक ३६२ सीसी, पन्नास किलोच्या थोडं वर. यामाहाचंच जुन्या पद्धतीचं दोन स्ट्रोक मात्र २४६ सीसी आणि फक्त ३६ किलो. रोज वाळूतून इंजिन उचलून नेणाऱ्या माणसाला हा फरक कंबरेत कळतो. पण दोन स्ट्रोकला पन्नास लिटर पेट्रोलमागे एक लिटर ऑइल घालावं लागतं, आवाज जास्त, धूर जास्त, पेट्रोलही जास्त पितं. उलट त्यात व्हॉल्व्हची भानगड नाही आणि गावातला कुणीही ते उघडून पुन्हा जोडू शकतो.

इथवर मजा वाटत होती. मग वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि माझ्या रकान्यांतली हवाच गेली. मर्क्युरीची बरीच छोटी इंजिनं तोहात्सूच जपानात बनवते. दोघांचा तसा भागीदारीतला कारखानाच आहे. म्हणजे इंटरनेटवर लोक "मर्क्युरी की तोहात्सू" म्हणून हातघाईवर येतात, तेव्हा पुष्कळदा भांडण फक्त कव्हरच्या रंगाचं असतं!

दुसरी गोष्ट एव्हिनरूडची. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला माणूस. तळ्यापलीकडून वल्हवत आणेपर्यंत प्रेयसीसाठी घेतलेलं आइस्क्रीम वितळलं, आणि त्यातून त्याला हे इंजिन सुचलं अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी ती जाणे, पण १९०९ पासून त्याची इंजिनं विकली जाऊ लागली हे नक्की. शंभर वर्षांहून जुनं नाव. त्यांचं ई-टेक नावाचं दोन स्ट्रोक इंजिन तंत्राच्या दृष्टीने नावाजलेलं होतं. आणि मे २०२० मध्ये मालक कंपनीने ते बनवणंच बंद केलं. सुटे भाग देत राहू असं सांगितलं, पण ज्याने आदल्या वर्षी कर्ज काढून ते घेतलं असेल त्याला त्या रात्री झोप लागली असेल का? ब्रँड जुना आहे, ब्रँड मोठा आहे, हे काही इंजिनाचं आयुष्य नव्हे.

पण माझं मत बनलं ते यातल्या कशाने नाही. ते बनलं २०१९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीत.

मी, मामा आणि दादा संध्याकाळी होडीतून परत येत होतो. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, पलीकडे भोगव्याचा किनारा. त्या संगमावर वाळू आहे, आणि ओहोटीचं पाणी बाहेर निघालं की लाटा वेड्यावाकड्या फुटतात. नेमकं तिथे इंजिन बंद पडलं. (कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. यादीत वरच्या नंबरात येणारं होतं, एवढंच.) दादाने दोरी ओढली, पुन्हा ओढली. डोक्याला हात लावून पाहिला तर चटका बसला. होडी गपचूप बाहेर वाहत चालली होती आणि मला फुटणाऱ्या लाटांचा आवाज मोठा मोठा होत ऐकू येत होता. मामा ओरडले, "आधी नांगर टाक! इंजिन मगे." नांगर धरला. अर्धा तास आम्ही तिथे हेलकावत बसलो. कोणी बोलत नव्हतं.

आम्हाला ओढून आणलं ते एका जुन्या होडीने. तिच्या इंजिनाचं कव्हर सुतळीने बांधलेलं, रंग उडालेला, कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं. पण ते फटफट करत चालत होतं.

बिघाड काय होता? पाण्याच्या पंपातला रबराचा इंपेलर. हे इंजिन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं, आणि त्या पाण्यात वाळू असेल तर इंपेलरच्या पाकळ्या झिजतात. थंडावा मिळतोय याची खूण म्हणजे मागून पडणारी पाण्याची बारीक धार. ती त्या दिवशी बारीक झालेली आम्हा तिघांपैकी एकानेही पाहिली नाही. म्हणजे चूक आमची. पण पुढचं ऐका. तो हातभर पाण्यातला बोटभर रबराचा तुकडा मालवणात मिळाला नाही, कुडाळला मिळाला नाही. मुंबईहून यायला अकरा दिवस लागले. ऐन दिवाळीचे अकरा दिवस! शेजारच्या होड्या पर्यटकांनी भरून जात होत्या आणि दादा किनाऱ्यावर बसून त्या बघत होता.

म्हणून माझं मत असं : "कुठलं इंजिन टिकाऊ" हा प्रश्नच थोडा चुकलाय. या पाचांपैकी कुठलंही वाईट नाही. टिकाऊपणा इंजिनात असतो तेवढाच किनाऱ्यावरही असतो. मेकॅनिक किती लांब आहे? सुटा भाग किती दिवसांत येतो? शेजारच्या चार होड्यांना कुठलं इंजिन आहे? कारण अडचणीत कंपनी येत नाही, शेजारी येतो, आणि त्याच्या घरातला जुना प्लग तुमच्या इंजिनात बसला तरच उपयोग.

इंटरनेटवरच्या शिफारशी वाचतानाही हे धरून चालावं. अमेरिकेत सुट्टीला मासेमारी करणारा माणूस "तीन वर्षं काही त्रास नाही" लिहितो. माहितीपुस्तकात साधारणपणे दर १०० तासांनी किंवा वर्षाने सर्व्हिसिंग करा असं असतं. त्याचे १०० तास व्हायला वर्ष लागत असेल. दादाची होडी रोज चार तास चालली तर २५ दिवसांत १०० तास. त्याचं एक वर्ष म्हणजे आमचा एक महिना! दोघांचा अनुभव एका रकान्यात कसा घालायचा?

वेगाचंही तसंच. पूर्ण ताकदीवर ही इंजिनं साधारण ५००० ते ६००० फेऱ्यांवर चालावीत अशी बनवलेली असतात. पंखा होडीच्या वजनाला जुळला नाही तर २० चं इंजिन १५ सारखं ओढतं, आणि आपण शिव्या कंपनीला देतो.

आणि आता पेट्रोल. पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. मी चाळलेल्या माहितीपुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पावसाळ्यात इंजिन महिनोन्‌महिने घरात पडून असतं. त्यामुळे ठेवण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करणं, रोज परत आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुणं, ही दोन कामं कुठल्याही ब्रँडपेक्षा मोठी.

एवढं सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. एक्सेल पाठवू का विचारलं. मागून मामांचा आवाज आला, "कंपन्येचा नाव सोड रे. मोडल्यार सामान खय गावतला ता विचार." म्हणजे माझे दोन रविवार आणि मामांचं एक वाक्य, हिशेब सारखाच!

शेवटी दादाने तेच घेतलं जे वाडीत आणखी तिघांकडे आहे आणि ज्याचा मेकॅनिक मालवणात बसतो. बरोबर दोन इंपेलर, प्लग आणि एक जादा पंखा. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या किनाऱ्यावर उत्तर वेगळं असेल.

आणि हो, नांगर आणि त्याची दोरीसुद्धा नवी घेतलीय. तेवढी एक खरेदी मात्र मी माझ्या पैशाने केली.