बिल्ला दिसत नाहीं म्हणजे माणूस नाहीं काय?

इंग्लंडांत केंब्रिज येथें ऑलिव्हेट्टीच्या संशोधनशाळेंत १९८९ ते १९९२ या काळांत रॉय वाँट, अँडी हॉपर प्रभृतींनीं अंगावर लावावयाचा एक बिल्ला सिद्ध केला. दर १५ सेकंदांनीं तो अदृश्य अवरक्त किरणांनीं आपला सांकेतिक अंक सांगे. खोलीखोलींतील ग्राहकयंत्रें तो टिपीत, आणि कोण कोठें आहे हें कळे.

योजना चतुर खरी. परंतु अशा व्यवस्थेंत एखादें नांव पटावरून नाहींसें झालें कीं लोक आधीं यंत्रास नांवें ठेवतात, मग माणसास. ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जाड कापड व भिंत हे किरण अडवितात. बिल्ला कोटाखालीं झांकला गेला, तर सर्व यंत्रें निर्दोष असूनही खोली रिकामीच दिसावयाची! शिवाय अंधारांत बिल्ल्यानें सावकाश बोलावें वा गप्पच बसावें, अशी सोय विजेच्या बचतीसाठीं मुद्दाम केलेली होती; खणांतला बिल्ला बिघडलेला नसे, डुलक्या घेत असे.

म्हणून प्रथम बिल्ला उजेडांत आणावा. तरीही तो मुका, तर त्याच खोलींत दुसरा, चांगला ठरलेला बिल्ला न्यावा. तो दिसला तर दोष पहिल्यांत, बहुधा बॅटरींत. तोही न दिसला तर ग्राहकयंत्र व त्याची तार तपासावी. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्यास काम चालू होईल, पण कशानें तें कळणार नाहीं.

यंत्राच्या हजेरीवरून मुलास दंड होणार असेल, तर ही परीक्षा कोणी केली, हें पालकांनीं अवश्य विचारावें.