वर गेली, मग खाली का पुरली?

दफनविधी आटोपून माणसं परतत होती, तेव्हा सात वर्षांच्या एका मुलीने काकाला विचारलं, "आजी वर गेली म्हणता, मग तिला खाली का पुरलं?" काका गप्प. मागून येणाऱ्या एका मावशींनी दटावलं, "असं बोलू नये गं." पुढच्या रविवारी ती संडे स्कूलला आली, तेव्हा प्रश्न तिच्यासोबत होताच. लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो, त्यामुळे घरात दाबलेले प्रश्न फिरून माझ्याच पदरात पडतात.

मला विचाराल तर प्रश्न अगदी रास्त आहे. उपासनेत उभं राहून आम्ही प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. येशू स्वर्गात गेला, असं त्यात आहे. पण माणसं मेली की वर जातात, असं त्यात कुठेही नाही. शेवटी येतं ते देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. म्हणजे जे पुरलं ते उठणार, अशी आमची आशा आहे. पुरण्याची चाल तिला धरूनच आली. (दहन केलेल्यांचं काय? तेही देवाच्या हाताबाहेर नाहीत. कॅथलिक चर्चने 1963 पासून दहनाला मुभा दिलेली आहे.) पण घरी आलो की हे सगळं विसरून आपण आकाशाकडे बोट दाखवतो.

त्या बोटामागची वाक्यं तुम्हालाही पाठ असतील, तुमचा धर्म कुठलाही असो. आजी तारा झाली. आजी झोपली आहे. देवाला आवडली म्हणून त्याने नेली. तारा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. ढगाळ रात्री तेवढी पंचाईत. "झोपली" मात्र चार वर्षांच्या पोराला सांगून बघा, ते रात्री डोळे मिटायला तयार होत नाही. बायबलमधल्या याईराच्या मेलेल्या मुलीला येशूनेच झोपलेली म्हटलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण त्याने लगेच तिला उठवलंही. आपल्याला ते जमणारं नाही, तर शब्द जपून वापरावा.

तिसरं वाक्य सगळ्यांत वाईट. आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्याचा हिशेब लगेच मांडला: "मग मी थोडा वाईटच वागतो." त्याला हसू नका. देव चांगल्यांना आधी उचलतो असं आपणच सांगितलं होतं, त्याने फक्त पुढची पायरी घेतली.

हंगेरीतल्या मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून 1948 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं वाटतं, गेलेलं माणूस परत येईल असं ती धरून चालतात, हा त्यातला एक मुद्दा. मरण अटळ असतं हे कळण्याचं वय त्यांनी नऊच्या पुढे धरलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी ते बरंच अलीकडे आणलं. काही असो, लहानग्याला "प्रभूकडे गेली" एवढंच सांगितलं तर तो दारात वाट बघत बसणार. म्हणून आधी सांगायचं की आजी मेली. तिचा श्वास थांबला, तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही, ती उठून घरी येणार नाही. हे सांगताना मोठ्यांची जीभ जड होते, पण त्याशिवाय पुढची आशा कशावर उभी करणार?

मग "आत्ता ती कुठे आहे?" येशूजवळ. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला त्याने आजच माझ्याबरोबर असशील असा शब्द दिला होता, तोच आजीलाही. आणि पुढे एक दिवस देव तिला उठवेल, अंगापिंडासकट. आत्ता एक, नंतर एक, अशा दोन गोष्टी सात वर्षांचं मूल सहज धरून ठेवतं. गोंधळ आपलाच असतो. करिंथकरांना लिहिताना पौलाने बी पेरण्याचा दाखला दिला आहे. पेरतो तो नुसता दाणा, वर येतं ते वेगळंच. दाखला सुंदर आहे, पण पाच वर्षांच्या आत वापरू नये. एक चिमुरडा आजोबा उगवले का बघायला चला म्हणून आठवडाभर मागे लागला होता.

मुलांचे खरे प्रश्न यापुढे सुरू होतात, आणि ते सगळे अंगाचे, पोटाचे असतात. तिकडे जेवायला मिळतं का? आजोबांना चष्मा लागेल का? माझा कुत्रा असेल का? मोठी माणसं अशा वेळी कौतुकाने हसतात आणि आत्मा, प्रकाश, शांती असं काहीतरी पुटपुटतात. पण बायबल उघडून बघितलं तर ते मुलांच्या बाजूचं निघतं. उठलेला येशू शिष्यांसमोर आला, त्यांना भूत वाटलं, तर त्याने खायला काही आहे का विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. तिबिर्याच्या सरोवराच्या किनाऱ्यावर पहाटे त्याने स्वतःच कोळसे पेटवून मासे भाजले आणि रात्रभर जाळं टाकून दमलेल्यांना न्याहारीला बोलावलं. याईराची मुलगी उठल्यावर घरचे थक्क होऊन बघत राहिले. हिला काहीतरी खायला द्या, हे येशूला सांगावं लागलं. जखऱ्या संदेष्ट्याला नवं यरुशलेम दिसलं ते रस्त्यात खेळणाऱ्या पोरापोरींनी भरलेलं. तेव्हा जेवायला मिळतं का, याचं उत्तर बेलाशक "हो" असं द्यावं. चष्म्याचं उत्तर "नाही". कुत्र्याचं मी सांगत नाही. यशयाच्या स्वप्नात लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात, तान्हं मूल सापाच्या बिळाशी खेळतं, एवढं सांगते आणि तुझ्या मोत्याचं देवाला विचारून ठेव म्हणते.

प्रकटीकरणाच्या शेवटी तर मुलांची चंगळ आहे. देवाच्या नगरीला बारा वेशी, प्रत्येक वेस एकाच मोत्याची, आणि त्या कधीच बंद होत नाहीत. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, बारा हजार स्तादिया म्हणजे साधारण 2,200 किलोमीटर. मुंबईहून गाडीने कोलकाता गाठलं तरी एक बाजू पुरी व्हायची नाही. मुलं लगेच चौकोनी ठोकळा काढतात, आणि बरोबर काढतात. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान असंच होतं, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. पुढे त्या जागी वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जायचा. आता अख्खं नगरच त्या खोलीच्या आकाराचं झालंय, आणि आत सगळ्यांना वाव आहे. एवढं मात्र कोळ्याच्या पोरासमोर जपून सांगावं की तिथे समुद्र नसेल. इब्री लोकांना समुद्राची धास्ती होती. आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या मुलांना तो स्वर्ग उणा वाटतो.

आणि हे नगर वर नसतं, ते खाली उतरतं. एका मुलाने मला ठणकावून सांगितलं होतं, "मला नाही जायचं स्वर्गात, मला इथेच राहायचंय." त्याची आई ओशाळली. ओशाळण्यासारखं काय होतं त्यात? देव माणसांमध्ये राहायला येतो, असाच तो अध्याय आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 21 जुलै 1999 च्या प्रवचनात स्वर्ग म्हणजे ढगांमधली जागा नव्हे, देवाशी जिवंत नातं, असं सांगितलं. ते मोठ्यांसाठी ठीक. लहानांना जागा लागते, म्हणून ती जमिनीवरचीच दाखवावी.

स्वर्गाची लालूच आणि नरकाचा धाकदपटशा, दोन्ही मी वर्गाबाहेर ठेवते. इंग्लंडमधल्या जेम्स जेनवे या प्युरिटन पाळकाने 1671 मध्ये आनंदाने मरणाऱ्या धार्मिक मुलांच्या कहाण्यांचं पुस्तक काढलं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या हाती दिलं गेलं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी कॅथलिक परंपरेत स्वर्गाबाहेरची लिंबो नावाची जागा कल्पिलेली होती; 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं जाहीर केलं. तोवर किती आया कुढल्या असतील!

हल्ली सर्वांत अवघड जातो तो वेगळाच प्रश्न. आजी येशूजवळ मजेत आहे, तर आई का रडते? इथे मी लाजाराची गोष्ट काढते. येशू बेथानीला पोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार, हे येशूला माहीत होतं. तरी लाजाराच्या बहिणीला, मरियेला, रडताना पाहून तो रडला. विश्वास कमी पडला म्हणून आई रडत नाही, हे मुलांना यातून कळतं. आईलाही कळलं तर बरं. आमच्यात माणूस गेलं की रडणाऱ्याला गप्प करायला बायबल काढणारे काही कमी नाहीत.

एकदा ही गोष्ट संपल्यावर एकाने विचारलं, "लाजार नंतर परत मेला का?" मेलाच असणार, म्हटलं. "म्हणजे त्याच्या बहिणी परत रडल्या?" रडल्या असतील. लाजाराला जुनंच आयुष्य थोडं वाढवून मिळालं, येशूचं उठणं मात्र परत न मरण्याचं होतं, आणि आम्ही आशा धरतो ती त्या दुसऱ्याची. ते समजावणं दहा वर्षांपुढच्या वर्गाचं काम. त्या वर्गाला जूनपासून टीचर नाही. पाळकसाहेब विचारपूस करताहेत.