नोंदवही कोणाची, ज्ञान कोणाचे?

बांधकाम-उद्योगात सध्या एका नव्या मंत्राचा जप चालला आहे. इमारतींचे संगणकीय आराखडे ‘ब्लॉकचेन’ नामक साखळीबद्ध नोंदवहीत चढवले, की वास्तुविशारद, अभियंते व कंत्राटदार निर्धास्तपणे ज्ञानाची देवाणघेवाण करतील, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. तुळईची जाडी कोणी व केव्हा बदलली, हे या वहीत मागाहून गुपचूप खोडता येत नाही, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. परंतु नोंद बदललेली नाही याची हमी म्हणजे नोंद खरी होती याची हमी नव्हे. पहिल्याच ओळीत चुकीचे नाव चढले, तर ही वही तो अन्याय चिरस्थायी करील.

आणि नाव चढेल कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. रेषा काढणार पगारी आरेखक, हक्क मात्र कंपनीचा! त्याच कायद्याने बांधकामाच्या प्रक्रिया व पद्धती कॉपीराइटच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. हे समाजाचे मोकळे कुरण आहे. उद्या प्रत्येक तंत्राला नोंद, नोंदीला किंमत आणि किमतीला पहारेकरी आला, तर कायद्याने मोकळे ठेवलेले हे कुरण यंत्राच्या कुंपणात जाईल.

वर्धा जिल्ह्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. १९३६ साली तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, माती, बांबू व कवेलू यांतून गांधीजींचे निवासस्थान उभे राहिले. त्यामागची विद्या गावच्या हातांत होती. १९७६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंक्वाकृती कवेलूंची कमान रचून छत घालण्याची पद्धत रुजवली. लाकूड व लोखंड वाचवणारे हे ज्ञान कुंभार आणि गवंडी यांना शिकवल्यानेच पसरले. कुलूप लावून नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक आराखडा ग्रामपंचायतीत, मराठीत, विनामूल्य मिळावा. नोंदवही ठेवायचीच असेल, तर ती सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असावी आणि तीत मालकाबरोबर आरेखकाचे व कारागिराचेही नाव लागावे. मालकीचा प्रश्न टाळून केलेली ज्ञानाची देवाणघेवाण ही अखेर मूठभरांचीच देवाणघेवाण ठरते.