बाकावर बसलेला रुग्ण



ताणतणावावरील कॅप्सूल, सिरप आणि चूर्णे यांना आपल्या औषधी दुकानांतून आता स्वतंत्र फळी द्यावी लागते. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा यांची निरनिराळी मिश्रणे घेऊन दर महिन्याला आठ-दहा कंपन्यांचे प्रतिनिधी माझ्या चिकित्सालयात येतात. बाहेरच्या बाकावर तासतासभर बसतात, रुग्ण संपल्यावर आत येतात, दोन मिनिटांत आपला पाठ म्हणतात आणि नमुने ठेवून जातात. या बाकावर बसलेल्या माणसाविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा विषय आपण नेहमी हिंजवडीच्या संगणक कंपन्यांपासून सुरू करतो. तो आपल्या उंबरठ्यापासून सुरू करावा, असे माझे मत झाले आहे.

यांपैकी एक प्रतिनिधी सहा वर्षे माझ्याकडे येत असे. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणे अदबीचे. एका पावसाळ्यात त्याच्यात बदल दिसू लागला. शर्ट अंगावर सैल झाला, डोळे खोल गेले, पाठ म्हणताना तो मध्येच थांबू लागला. ताणावरच्या कॅप्सूलचे माहितीपत्रक माझ्यापुढे धरताना त्याचा हात कापत होता. मी ते पाहिले. ''काय हो, तब्येत बरी नाही का?'' एवढे विचारले, ''ॲसिडिटी आहे, सर,'' या उत्तरावर समाधान मानले आणि अविपत्तिकर चूर्णाची पुडी त्याच्या हातावर ठेवली. नाडीसुद्धा पाहिली नाही. केसपेपर काढून आत आलेल्या माणसाची प्रकृती, सार, सत्त्व तपासणारा मी, बॅग घेऊन आलेल्या माणसाचे काहीच तपासत नव्हतो.

त्याला ओळखले ते एका औषधविक्रेत्याने. हे गृहस्थ आमच्या तालुक्यात तीस वर्षे आयुर्वेदिक औषधांचे दुकान चालवतात. महिनाअखेरीस हा प्रतिनिधी त्यांच्या माळ्यावर खोकी ठेवून जात असे. टार्गेट पुरे झाल्याचे दाखविण्यासाठी तो स्वतःच्या पैशाने माल उचलत आहे, हे दुकानदारांना ठाऊक होते. व्यवसायात ही गोष्ट नवी नाही, आणि आपण सर्वांनी तिच्याकडे काणाडोळा केलेला आहे. पण खोकी वाढत गेली. एके संध्याकाळी त्याने सर्पगंधा घनवटीची महिन्यातील तिसरी बाटली मागितली, तेव्हा दुकानदारांनी शटर अर्धे खाली ओढले, त्याला आत बसविले आणि विचारले, ''देणं किती झालंय? आणि झोप किती दिवस नाही?'' दीड तासाने त्यांचा मला दूरध्वनी आला. त्या माणसाने पतसंस्थेचे कर्ज काढले होते, पत्नीचे दागिने गहाण होते, आणि आपण नसलेलेच बरे हा विचार कित्येक आठवडे त्याच्या मनात घोळत होता. त्या रात्री त्याला एकटे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्याला जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.

येथे सर्पगंधेविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण ''झोपेचं काहीतरी द्या'' ही मागणी आपल्या काउंटरवर रोज होते. सर्पगंधेतील रिसर्पिन हा घटक 1952 मध्ये वेगळा करण्यात आला, आणि रक्तदाबासाठी तो घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद उत्पन्न झाल्याच्या नोंदी त्याच दशकात प्रसिद्ध झाल्या. या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले, हे खरे. तथापि ज्याच्या अनिद्रेचे मूळच विषादात आहे, अशा माणसाला हे द्रव्य वैद्याने पाहिल्याविना देणे ही विक्री नव्हे, तो धोका आहे. अश्वगंधेचीही गणना निरुपद्रवी द्रव्यांत करण्याची आपली सवय आहे. थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या ग्राहकास ती देण्यापूर्वी विचारपूस व्हावयास हवी. तिच्या सेवनानंतर यकृतास बाधा झाल्याच्या नोंदी अलीकडे भारतातूनही आलेल्या आहेत. चार चौकशीचे शब्द हा विक्रीतील अडथळा मानू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कामाच्या ठिकाणी मनोबल वाढवावे, माणसाने खंबीर व्हावे, असे सर्वत्र सांगितले जाते. मीही सांगितले आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला 'तणावमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यानास बोलावले होते. मी दिनचर्येवर तासभर बोललो आणि रात्री दहाला झोपावे असे ठासून सांगितले. श्रोत्यांपैकी निम्म्यांची पाळी रात्री साडेअकराला सुरू होणार होती. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या!

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षा सांगताना प्रवर, मध्य आणि अवर असे तीन भेद केले आहेत, हे आपण सर्वांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. प्रवरसत्त्व मनुष्य मोठी पीडाही सोसतो. पण मध्यसत्त्वाविषयी आचार्य काय म्हणतात, ते पुन्हा उघडून पाहावे. असा मनुष्य इतरांकडे पाहून स्वतःला सावरतो, किंवा इतर लोक त्याला सावरतात. आपल्यापैकी बहुसंख्य याच वर्गातले आहेत. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सामान्य माणसाचे धैर्य ही त्याच्या एकट्याच्या मालकीची वस्तू नाही. ज्या कामाच्या जागी सावरणारा कोणी असतो, तेथे तो टिकतो. जेथे नसतो, तेथे तोच माणूस, त्याच प्रकृतीचा, कोसळतो. सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात मानस दोषांवरील उपायांत धैर्याचा उल्लेख आहे, पण त्याच्या आधी ज्ञान आणि विज्ञान आहेत. आपण मात्र रुग्णास थेट धैर्याचाच उपदेश करतो.

शिवाय निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. अम्लपित्ताच्या रुग्णाला मिरची सोडावयास सांगणारे आपण, टार्गेटने खचलेल्या माणसाला केवळ मेध्य रसायन देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत कामाचे स्वरूप बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांचा समावेश आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हे निदानपरिवर्जनच होय. वैद्यकीय प्रतिनिधींसाठी 1976 चा स्वतंत्र कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. महिनाअखेर मात्र तीच आहे.

या निदानात आपलाही हिस्सा आहे, हे मान्य करणे काहीसे जड जाते. ''पुढच्या महिन्यात बघू'' असे वर्षभर सांगत राहणे, मुदतबाह्य मालाची परतफेड प्रतिनिधीच्या गळ्यात बांधणे, त्याला रुग्णांच्या देखत झिडकारणे हे आपणच करतो. आपल्या दुकानात सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत उभा असणारा मुलगा आणि माझ्या चिकित्सालयातील औषधे बांधणारी ताई यांनी शेवटची सुट्टी केव्हा घेतली, हे मला हा लेख लिहिताना विचारावे लागले. उत्तर ऐकून लाज वाटली.

मी माझ्यापुरते काही बदल केले आहेत. प्रतिनिधींना गुरुवारी दुपारी वेळ ठरवून बोलावतो, आणि आत आल्यावर आधी बसावयास सांगतो. कोणाची झोप, भूक किंवा बोलणे बिघडलेले दिसले, तर माहितीपत्रक बाजूस ठेवून विचारतो. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारतो. असे विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो. होकार आला तर तेथे आपले रसायन पुरे पडत नाही. त्याला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचवावे, आणि त्यांची औषधे चालू असताना ती बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक औषधी दुकानात काउंटरच्या दोन्ही बाजूंनी दिसेल असा लावावा. आतल्या बाजूने उभा असणाराही माणूसच असतो.

तो प्रतिनिधी आता बरा आहे. ती कंपनी त्याने सोडली. तज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, आणि त्यांच्या संमतीने मी त्याच्या अग्नीकडे आणि झोपेकडे लक्ष देतो. कर्ज अजून फिटलेले नाही. माळ्यावरची खोकी दुकानदारांनी थोडी थोडी करून विकली आणि पैसे त्याच्या पत्नीच्या हाती दिले.

आपल्या संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. प्रतिनिधीने स्वतःच्या पैशाने उचललेला माल कोणत्याही सभासद दुकानदाराने आपल्याकडे ठेवून घेऊ नये, आणि असा प्रसंग आढळल्यास त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे, असा त्याचा मसुदा आहे. यास काही बंधूंचा विरोध आहे, हे मी जाणतो. माल ठेवण्यास नकार दिला तर दुसरा दुकानदार ठेवेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सभेस अवश्य यावे आणि ते तेथे मांडावे.