शाळेची खोली कोणाच्या मालकीची?

वीसपेक्षा कमी पटाची शाळा परवडत नाही, हा शोध महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याला लागून आता काही वर्षे झाली. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा गुंडाळण्याचा निर्णय झाला. पुढे २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्राने लहान शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ हे त्यासाठी आदर्श ठरविले गेले. त्या वेळी अशा शाळांची संख्या १४,७८३ आणि त्यांतील मुलांची संख्या १ लाख ८५ हजारांच्या घरात सांगितली जात होती. ओरड होताच 'शाळा बंद करणे नव्हे, हे समायोजन आहे', असा खुलासा झाला. समायोजन हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात कुलूप दिसत नाही.

परंतु कुलूप ज्या दाराला लागते, ते दार बांधले कोणी, हा प्रश्न या पत्रव्यवहारात कोठेही उपस्थित झालेला नाही. तो उपस्थित करावयाचा तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. मुंबई इलाख्यात शेतकऱ्याच्या सारा-रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' वसूल केला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी म्हणून राखलेला असे. नांगर धरणाऱ्याच्या पैशावर वरिष्ठ वर्गाच्या मुलांचे उच्च शिक्षण चालते आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, हा रोकडा हिशेब जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे मांडला. अर्थशास्त्राच्या पदव्या न घेता केलेले ते सार्वजनिक वित्तव्यवहाराचे विश्लेषण आजही कोणत्याही अर्थसंकल्पीय भाषणापेक्षा अधिक स्वच्छ आहे.

गावच्या शाळेला आरंभी स्वतःची खोली नव्हतीच. देवळाच्या ओवरीत, चावडीत, धर्मशाळेत वर्ग भरत. जेथे देऊळ तेथे अस्पृश्याचे मूल उंबऱ्याबाहेर, ही त्या जागेचीच अट होती. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचेही दार अस्पृश्यांना खुले असावे, असे त्याने म्हटले. हा ठराव अमलात येण्यासाठी शाळेला देवळाबाहेरची, सर्वांच्या पैशाची, सर्वांच्या मालकीची खोली असणे किती निर्णायक होते, हे वेगळे सांगावयास नको. चार भिंती आणि पत्रा एवढाच तिचा थाट असे. पण गावात जातीने न वाटलेली बहुधा तेवढी एकच जागा होती. लोकल बोर्डाकडून १९६२ च्या १ मे रोजी ती जिल्हा परिषदेकडे आली. १९८७ च्या खडूफळा मोहिमेने तर लहानात लहान शाळेलाही निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत, असे मान्य केले. त्या दिवशी जे राष्ट्राला परवडत होते, ते आज परवडेनासे झाले आहे. आणि राष्ट्र तर श्रीमंत झाले म्हणतात!

या श्रीमंतीचे दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने पिंपरी ते खेड हा रस्ता चालावा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभा राहिला तो सार्वजनिक भांडवलावर. त्यामागून औद्योगिक वसाहत आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि १९९७ मध्ये चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली अशी आणखी गावे हद्दीत ओढली गेली. नंतर चाकण. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव मोटारींचे झाले. या गावांच्या जमिनींचे चौरस फुटांत रूपांतर होताना शाळेची खोलीही बाजारभावाच्या टप्प्यात आली. चिंचवडला चापेकरांच्या वाड्याचे स्मारक झाले, ते योग्यच झाले. परंतु चऱ्होलीच्या किंवा मोशीच्या पहिल्या शाळेच्या जोत्यावर साधा दगडही लावावा असे कोणाला वाटले नाही.

खेड तालुक्यातील कनेरसरचे उदाहरण पाहावे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी कनेरसर, निमगाव, दावडी या पट्ट्यातील जमीन घेण्यात आली. पंधरा टक्के विकसित जमिनीच्या परताव्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याच कनेरसरच्या जालिंदरनगर वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेत २०२२ साली पट उरला होता तीन. सरकारी मोजपट्टीने ती शाळा मेलेलीच होती. शिक्षकाने व वस्तीने ती उभी केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, अशी 'विषयमित्र' पद्धत तेथे रुजविली. पट शंभराच्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या एका संस्थेच्या जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार या शाळेला मिळाला. अभिनंदनासाठी सत्ताधाऱ्यांची रांग लागली. वीसचा निकष याच शाळेला २०२२ मध्ये लावला असता तर हे अभिनंदन कोणाचे करणार होते?

येथे एक सापळा आहे आणि कार्यकर्त्यांनी तो ओळखला पाहिजे. 'शिक्षकाने मनावर घेतले की शाळा जगते, म्हणजे जी मेली ती आपल्याच आळसाने मेली', असा निष्कर्ष जालिंदरनगरवरून काढला जाईल. तो खोटा आहे. असामान्य माणसावर ज्या व्यवस्थेची मदार आहे, तिला व्यवस्था म्हणत नाहीत. शिवाय एका शाळेत दुरून मुले येऊ लागली की शेजारच्या वस्तीचा पट घटतो. पट घटण्याची मूळ कारणे निराळी आहेत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने खाजगी शाळांना मोकळे रान दिले. शेतीतून उठलेली कुटुंबे चाकणच्या चाळींत उतरली. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवण्यात आल्या. आधी उपाशी ठेवावयाचे आणि मग वजन घटले म्हणून मृत्युपत्र लिहावयाचे, असा हा न्याय आहे.

'दर मुलामागे खर्च जास्त', हा युक्तिवादही तपासून पाहावा. पंधरा मुलांच्या शाळेचा दरडोई खर्च दीडशेच्या शाळेपेक्षा जास्त असणारच. डोंगराळ भागातील रस्त्याचा, विजेच्या खांबाचाही असतो. शाळा हलविल्याने तो खर्च नाहीसा होत नाही, त्याचा खांदा बदलतो. शिक्षकाचा पगार शासनाच्या वहीतून वजा होतो आणि बसचे भाडे, बुडालेली मजुरी, पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकलेल्या मुलीचे वर्ष आई-बापाच्या खाती जमा होते. बस कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मिळेल, असे सांगितले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हा निधी म्हणजे नफ्याचे दोन टक्के. नफा आटला तर बसही आटणार. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत देण्याचे जे बंधन घातले आहे, ते कोणत्या कंपनीच्या ताळेबंदावर टांगावयाचे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस. तिचे सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते. ती आजवर पुरी झाली नाही. पण पैशाच्या टंचाईची सबब मात्र दर वेळी सर्वांत लहान शाळेवरच येऊन पडते.

आणि विरोधाभास असा की, खेडच्या पश्चिमेकडील डोंगरवस्त्यांत पट नाही म्हणून वर्ग रिकामे, तर चाकणच्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या कामगारवस्त्यांत बीड-परभणीहून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांची मुले शाळेबाहेर. पहिल्या ठिकाणी शाळा हलवू नये आणि दुसऱ्या ठिकाणी नवी काढावी, एवढे सरळ उत्तर समोर असताना दोन्ही बाजूंनी बचत शोधली जात आहे.

तालुक्यातील प्रत्येक शाखेने एक काम तातडीने हाती घ्यावे. गावातील बंद झालेल्या वा बंद होऊ घातलेल्या प्रत्येक शाळेच्या जागेचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून घ्यावी, जागा कोणी दिली, खोली कोणाच्या वर्गणीने व श्रमदानाने बांधली, हे जुन्या माणसांना विचारून लिहून काढावे आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून ती जागा भाड्याने, कराराने वा अन्य कोणत्याही नावाने हस्तांतरित करू नये, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडावा. इतिवृत्तात ठरावाचा क्रमांक पडला आहे की नाही, हे सभा संपण्यापूर्वी पाहून घ्यावे.