हलवा खायचा असतो हो!

परवा भाचीच्या लेकाचं बोरन्हाण झालं. तीन वर्षांचा आहे. हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, बासरीसुद्धा! पठ्ठ्याने हार सरळ तोंडात घातला आणि आम्ही चार बायका एकदम ओरडलो, "छी! थू कर!" पुठ्ठ्यावर गरम गोंदाने चिकटवलेला हलवा, मधे प्लॅस्टिकचे मणी. कार्टं बिचारं रडायलाच लागलं.

माझं भांडण इथेच आहे. ज्या दागिन्याची सगळी गंमत तो खाता येतो यात, तो पोराच्या तोंडातून ओढून काढायचा?

"घरी करायला वेळ कुणाला आहे?" इति ताई. मान्य. काटेरी हलवा सोपा नाहीच. आई साबुदाण्यावर एकतारी पाक अर्धा-अर्धा चमचा घालत, मंद आचेवर बोटांनी फिरवत तासन् तास बसायची. पाक जरा जास्त पडला की गोळा! माझे दोनदा झालेत. (ताईने सांगण्याआधी मीच सांगते.)

मग हलवा विकत आणा ना! दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवायचा, काटे धरून ठेवतात. एका संध्याकाळचं काम. करून विकणाऱ्या बायकांवर राग नाही. आपण फोटोत उठून दिसणारं मागतो, त्या तसं देतात.

येत्या संक्रांतीला नातीचं बोरन्हाण आहे. मुकुट नसेल, हार थोडा वाकडा असेल. आणि हो, पाहुण्यांनीही एकेक दाणा तोडून खायचा आहे.